मुद्दल, व्याज आणि १,६०० कोटी चेतापेशी

माणसाच्या मेंदूत सरासरी ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांतल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत असतात. मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरचा वळ्यावळ्यांचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, याच्या वाट्याला येतात सुमारे १,६०० कोटी. बाकीच्या सगळ्या भागांत मिळून १०० कोटींच्या आसपास उरतात. वजनाचा हिशेब याच्या उलट आहे. मेंदूच्या वजनापैकी ८२ टक्के वजन मोठ्या मेंदूच्या कॉर्टेक्सचे आणि त्याखालच्या पांढऱ्या भागाचे असते, चेतापेशींत मात्र त्यांचा वाटा फक्त १९ टक्के.

ही मोजणी २००९ साली ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो येथे सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि रॉबेर्तो लेंत यांच्या गटाने प्रसिद्ध केली. मेंदूचा तुकडा द्रावणात विरघळवायचा, पेशींची केंद्रके सुटी करायची, ती सारखी मिसळायची आणि एका थेंबात किती आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, अशी ही पद्धत. तोपर्यंत पुस्तकांतून '१०,००० कोटी' हा गोल आकडा चालत आला होता. नवी मोजणी झाली ती चार पुरुषांच्या मेंदूंवर, आणि तिच्यात ८०० कोटी इकडे-तिकडे होण्याची जागा आहे. चार मेंदू ही संख्या लहानच म्हणायची. तरी याच पद्धतीने इतर प्राण्यांचे मेंदूही मोजले गेले, आणि या आकड्यांचे खरे मोल त्या तुलनेत आहे.

उंदराच्या कॉर्टेक्समध्ये सुमारे १.४ कोटी चेतापेशी असतात. उत्तर भारतात देवळांभोवती दिसणाऱ्या लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडात १७० कोटी. आफ्रिकी हत्तीचा मेंदू साडेचार किलोचा, आपल्या तिप्पट, पण त्याच्या कॉर्टेक्समध्ये फक्त ५६० कोटी, म्हणजे आपल्या जवळपास एक तृतीयांश. मेंदूचे आकारमान आणि कॉर्टेक्समधल्या पेशींची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संख्या ठरते ती गर्भातल्या मोजक्या आठवड्यांत. तिथे पेशी किती वेळा विभागल्या यापेक्षाही, कोणत्या क्रमाने कोणत्या प्रकारे विभागल्या, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

मिनिटाला अडीच लाख?

गर्भाच्या मेंदूत मिनिटाला अडीच लाख चेतापेशी तयार होतात, हे वाक्य अनेकांनी कुठे ना कुठे वाचले असेल. ते कुठून आले ते कागदावर सहज कळते. १०,००० कोटींना नऊ महिन्यांतल्या मिनिटांनी भागले की साधारण २ लाख ५७ हजार येतात. आता ८,६०० कोटी धरले तर २ लाख २१ हजार. भागाकार बरोबर आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही. लहान मेंदूतल्या पेशी मुख्यतः गर्भारपणाच्या उत्तरार्धात तयार होतात आणि बाळ जन्मल्यावरही पुढे काही महिने होत राहतात. कॉर्टेक्सच्या पेशी बहुतांशी दुसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून सातव्या महिन्यापर्यंत तयार होतात. त्यातला भरीचा काळ चार महिन्यांचा धरला तर १,६०० कोटींसाठी मिनिटाला ९२ हजारांच्या आसपास वेग पडतो. तयार होऊन पुढे मेलेल्या पेशी यात मोजलेल्या नाहीत.

सरासरी वेगाचा खरा दोष असा की तो सगळे दिवस सारखे धरतो. मेंदू घडताना पहिल्या काही दिवसांत एकही चेतापेशी तयार होत नाही, आणि अंतिम संख्या ठरवण्यात त्याच दिवसांचा वाटा सगळ्यात मोठा असतो.

दोन प्रकारचे व्याज

चेतापेशी स्वतः विभागत नाही. ती जनक पेशीच्या विभाजनातून जन्मते. गर्भाच्या चेतानलिकेच्या पुढच्या टोकाशी द्रवाने भरलेली पोकळी असते आणि तिच्या भिंतीत जनक पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. प्रत्येक पेशी लांबट. तिचे केंद्रक पेशीच्या आत वर-खाली प्रवास करते आणि विभाजनाच्या वेळी पोकळीच्या कडेशी येते. हे १९३५ साली एफ. सी. सॉअर यांनी नुसत्या छेदांवरून ओळखले होते.

एका जनक पेशीच्या दोन पेशी झाल्या की तीन गोष्टी संभवतात. दोन्ही पुन्हा जनक होतात. याला सममित विभाजन म्हणू. किंवा एक जनक राहते आणि दुसरी चेतापेशी होऊन बाहेर पडते. हे असममित विभाजन. किंवा दोन्ही चेतापेशी होतात आणि ती शाखा तिथेच संपते.

शाळेत शिकलेले व्याजाचे गणित इथे तंतोतंत लागू पडते. सममित विभाजन म्हणजे चक्रवाढ व्याज: व्याज काढायचे नाही, मुद्दलात मिळवत जायचे. दहा फेऱ्यांत १ चे १,०२४ होतात. असममित विभाजन म्हणजे सरळव्याज: मुद्दल तेवढेच राहते आणि प्रत्येक फेरीला एक चेतापेशी हाती येते. दहा फेऱ्यांत दहा. शेवटच्या प्रकारात मुद्दलच मोडले जाते.

समजा एका जनक पेशीला एकूण ११ फेऱ्या मिळणार आहेत. पहिल्या तीन सममित आणि उरलेल्या आठ असममित ठेवल्या तर ८ जनक पेशी प्रत्येकी ८ चेतापेशी देतील: एकूण ६४. बदल फक्त एका फेरीचा केला, चार सममित आणि सात असममित, तर ११२. पाच आणि सहा केल्या तर १९२. सहा आणि पाच केल्या तर ३२०. एकूण फेऱ्या चारही वेळा ११ च आहेत. वळणाचा क्षण तीन फेऱ्यांनी पुढे सरकला आणि उत्पन्न पाचपट झाले. अकराच्या अकरा फेऱ्या सममित ठेवल्या तर २,०४८ जनक पेशी हाती येतील आणि चेतापेशी एकही नाही. म्हणजे थांबणेही हवे, आणि ते योग्य वेळी हवे.

हा कागदावरचा हिशेब झाला. खऱ्या गर्भात सगळ्या पेशी एकाच दिवशी वळण घेत नाहीत. काही आधी बाहेर पडतात, काही मागे राहतात, काही मरतात. ११ हा आकडा मात्र मी मनाने घेतलेला नाही.

अकरा फेऱ्या, सहा दिवस

पेशीची जन्मतारीख कशी काढायची हा प्रश्न १९६१ साली सुटला. जे. बी. अँजेव्हिन आणि रिचर्ड सिडमन यांनी गाभण उंदरीणीला किरणोत्सारी थायमिडीन टोचले. विभाजनाच्या तयारीत असलेली पेशी ते आपल्या डीएनएमध्ये घेते. पुढे ती पुन्हा पुन्हा विभागली तर खूण पातळ होत जाते, आणि त्याच वेळी शेवटचे विभाजन करून चेतापेशी झाली तर खूण कायम ठळक राहते. यातून कळले की कॉर्टेक्स आतून बाहेर बांधला जातो: आधी जन्मलेल्या पेशी खोल थरांत बसतात आणि मागून आलेल्या त्यांना ओलांडून वर जातात.

१९९० च्या दशकात व्हर्न कॅव्हिनेस, रिचर्ड नोवाकोव्स्की आणि ताकाओ ताकाहाशी यांनी याच तंत्राला आणखी एका खुणेची जोड देऊन उंदराच्या कॉर्टेक्सचा जवळपास तासातासाचा जमाखर्च मांडला. माझ्या मते जीवशास्त्रातल्या सर्वांत चिकाटीच्या मोजण्यांपैकी ही एक आहे. चेतापेशी तयार होण्याचा काळ सहा दिवस. त्यात जनक पेशींची ११ चक्रे. पहिले चक्र सुमारे ८ तासांचे, शेवटचे सुमारे १८ तासांचे. मधली सरासरी १३ तासांची धरा: ११ गुणिले १३ म्हणजे १४३ तास, आणि सहा दिवसांचे तास होतात १४४.

प्रत्येक फेरीनंतर किती टक्के पेशी बाहेर पडतात, हेही त्यांनी काढले. सुरुवातीला जवळपास शून्य. सातव्या-आठव्या चक्राच्या आसपास निम्म्या. शेवटी सगळ्या. बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याखाली असते तोवर मुद्दल वाढत असते. निम्मे ओलांडले की ते घटू लागते. पोकळीची भिंत आधी जाड होते आणि मग पातळ होत होत संपते, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे दृश्य या एका टक्केवारीत येऊन बसते.

चक्र लांबते ते कुठे? डीएनएची प्रत काढायला आणि प्रत्यक्ष दुभंगायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही. लांबतो तो विभाजनानंतरचा पहिला टप्पा, जी-१: सुमारे ३ तासांवरून १२ तासांवर. पेशी जितकी जास्त वेळ या टप्प्यात राहते तितकी ती जनकपण सोडण्याची शक्यता वाढते. हा नुसता योगायोग नाही. जर्मनीत ड्रेस्डेन येथे फेडेरिको कालेगारी आणि वीलँड हुटनर यांनी उंदराच्या गर्भात हा टप्पा लांबवला तेव्हा चेतापेशी वेळेआधी तयार होऊ लागल्या, आणि तो आखूड केला तेव्हा जनक पेशी वाढल्या.

माकडाकडे वळल्यावर मोठा धक्का बसतो. मोठा मेंदू म्हणजे पेशी भराभर विभागत असतील, असा कुणाचाही पहिला अंदाज असेल. १९९८ साली येल विद्यापीठात डेव्हिड कोर्नॅक आणि पास्को राकिच यांनी ऱ्हीसस माकडात मोजले, तर जनक पेशीचे एक चक्र २३ ते ५४ तासांचे निघाले. काही टप्प्यांवर ते उंदराच्या तुलनेत पाचपट संथ होते. पण माकडात चेतापेशी तयार होण्याचा काळ सहा दिवसांऐवजी सुमारे ६० दिवसांचा आहे, गर्भधारणेनंतरच्या ४० व्या दिवसापासून १०० व्या दिवसापर्यंत, आणि त्यात फेऱ्या होतात किमान २८. प्रत्येक फेरी संथ, फेऱ्या मात्र अडीचपट. प्रायमेटांच्या, म्हणजे माकडे, वानरे आणि माणूस यांच्या गटाच्या, कॉर्टेक्सला मोठेपण मिळाले ते लांबलेल्या मुदतीमुळे.

एक हजार पट म्हणजे दहा फेऱ्या

राकिच यांनी १९८८ साली मांडलेला सिद्धांत याच हिशेबावर उभा आहे. उंदीर, ऱ्हीसस माकड आणि माणूस यांच्या कॉर्टेक्सच्या क्षेत्रफळांचे प्रमाण ढोबळमानाने १ : १०० : १,००० असे आहे. माणसात दोन्ही अर्धगोलांचे मिळून ते साधारण २,००० चौरस सेंटिमीटर भरते. जाडी मात्र उंदरात एक मिलिमीटरच्या आसपास आणि माणसात सरासरी अडीच मिलिमीटर. क्षेत्रफळ हजार पट, जाडी अडीच पट.

राकिच यांचे उत्तर असे. चेतापेशी तयार होऊ लागण्याआधीची सममित फेरी जनक पेशींची संख्या वाढवते, आणि प्रत्येक जनक पेशी आपल्या डोक्यावर चेतापेशींचा एक उभा स्तंभ रचते. सममित फेऱ्या वाढल्या की स्तंभ वाढतात, म्हणजे क्षेत्रफळ वाढते. असममित फेऱ्या वाढल्या की स्तंभाची उंची वाढते, म्हणजे जाडी. चक्रवाढ व्याजाने हजार पट व्हायला फक्त दहा फेऱ्या लागतात, कारण २ चा दहावा घात १,०२४. माकडापासून माणसापर्यंतची दहा पट तीन ते चार फेऱ्यांत होते. चेतापेशी तयार होण्याची सुरुवात थोडे दिवस लांबली तरी एवढे पुरते. चेतापेशींची संख्या घेऊन पाहिले तरी उत्तर तेच येते: १,६०० कोटी भागिले १७० कोटी म्हणजे ९.४ पट, सव्वातीन फेऱ्या. १,६०० कोटी भागिले १.४ कोटी म्हणजे १,१४३ पट, दहाहून किंचित जास्त.

या सिद्धांताच्या कडा पुढे झिजल्या आहेत. प्रत्येक स्तंभात चेतापेशी सारख्याच असतात हे गृहीतक हर्क्युलानो-हूझेल यांच्या मोजणीत टिकले नाही. प्रायमेटांत एका चौरस मिलिमीटरखालच्या पेशींची संख्या जवळपास तिपटीने बदलते. शिवाय कॉर्टेक्समधल्या सगळ्या चेतापेशी त्याच भिंतीत जन्मत नाहीत. रोधक चेतापेशी मेंदूच्या खालच्या भागात जन्मून आडव्या प्रवासाने येतात. तरीही क्षेत्रफळ आणि जाडी यांची फारकत समजावून देणारा इतका साधा हिशेब आजवर दुसरा कुणी दिलेला नाही.

सरळव्याजाचा दरही मोजला गेला आहे. न्यूयॉर्कमध्ये सोंग-हाय शी यांच्या गटाने २०१४ साली उंदरातल्या एकेका जनक पेशीला रंगाची खूण केली आणि तिची सगळी संतती मोजली. असममित टप्प्यात शिरलेली जनक पेशी सरासरी आठ ते नऊ चेतापेशी देते, आणि हा आकडा कॉर्टेक्सच्या वेगवेगळ्या भागांत फारसा हलत नाही. चेतापेशी देऊन झाल्यावर साधारण सहांपैकी एक जनक पेशी ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, तयार करायला लागते. उंदराच्या १.४ कोटी चेतापेशींतून बाहेरून आलेल्या रोधक पेशी वजा करून १.१ कोटी धरल्या, तर त्यांच्या मागे तेरा लाखांच्या आसपास जनक पेशी उभ्या असल्या पाहिजेत, असा माझा ढोबळ हिशेब.

चेतापेशींकडून ग्लियाकडे वळण्याचा क्षणही जनुकांच्या ताब्यात असतो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने २०११ साली उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे दाखवले. एलएचएक्स-२ हे जनुक काढून घेतले की जनक पेशी वेळेआधीच ग्लिया तयार करू लागतात, आणि ते जास्त प्रमाणात दिले की चेतापेशी देण्याचा काळ लांबतो. हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी संबंधित भाग, त्यामुळे तिथल्या खात्याचे हे वळण विशेष मोलाचे.

दुसरे खाते

पोकळीच्या कडेला उभ्या असलेल्या जनक पेशींना रेडियल ग्लिया म्हणतात. दीर्घकाळ त्यांना फक्त आधाराचे खांब समजले जाई, ज्यांना धरून चेतापेशी वर चढतात. २००१ साली स्टीफन नॉक्टर, आर्नल्ड क्रीगस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हे खांबच चेतापेशींच्या आया आहेत. तीन वर्षांनी आणखी एक पायरी उलगडली. रेडियल ग्लियाची मुलगी बहुधा लगेच चेतापेशी होत नाही. ती जरा वर सरकून मधली जनक पेशी होते आणि एकदा विभागून दोन चेतापेशी देते. प्रत्येक हप्त्याला एकाऐवजी दोन, म्हणजे सरळव्याजाचा दर दुप्पट.

माणसात यापलीकडेही काही घडते. २०१० साली क्रीगस्टाइन यांच्या गटाने सॅन फ्रान्सिस्कोत आणि हुटनर यांच्या गटाने ड्रेस्डेनमध्ये मानवी गर्भाच्या ऊतीत पोकळीपासून दूर, वरच्या पट्ट्यात, रेडियल ग्लियासारख्याच पण पोकळीला न चिकटलेल्या पेशी दाखवल्या. त्या तिथल्या तिथे स्वतःची प्रतही काढतात आणि चेतापेशीही देतात. उंदरात अशा पेशी तुरळक असतात. पोकळीची भिंत केवढी मोठी करता येईल याला मर्यादा आहे, आणि या वरच्या पट्ट्याने ती मर्यादा ओलांडली. माणसाच्या कॉर्टेक्सचे वरचे थर एवढे भरगच्च असण्यात या पेशींचा मोठा हात आहे.

वळण लांबवणारी जनुके

२००२ साली बॉस्टनमध्ये अँजेन चेन आणि ख्रिस्तोफर वॉल्श यांनी उंदराच्या जनक पेशींत बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचे न मोडणारे रूप घातले. विभाजनाचा वेग वाढला नाही. फक्त फेरीनंतर बाहेर पडणाऱ्या पेशी घटल्या आणि जास्त पेशी पुन्हा चक्रात शिरल्या. एरवी गुळगुळीत असणाऱ्या उंदराच्या कॉर्टेक्सला वळ्या पडल्या.

निसर्गाने माणसात असाच बदल कुठे केला, याचे काही धागे गेल्या दहा-बारा वर्षांत हाती आले. एआरएचगॅप-११-बी हे जनुक फक्त मानवी वंशात आहे. सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी एका जुन्या जनुकाची अर्धवट प्रत निघाली आणि त्यातून ते आले. पुढे त्यात एका अक्षराचा बदल झाला, सी च्या जागी जी, आणि त्यामुळे ५५ अक्षरे गळून प्रथिनाच्या शेपटीला ४७ नवी अमिनो आम्ले आली. हुटनर यांच्या गटाने २०१५ साली ते उंदराच्या गर्भात घातले तेव्हा जनक पेशी वाढल्या आणि काही पिल्लांत वळ्या दिसल्या. २०२० साली जपानी सहकाऱ्यांबरोबर ते मार्मोसेट माकडाच्या गर्भात घातले; १०१ व्या दिवशी तपासलेल्या गर्भांचा कॉर्टेक्स मोठा आणि वळ्या पडलेला होता. ही पिल्ले जन्माला येऊ दिली नाहीत. तो निर्णय मला योग्य वाटतो: असा मेंदू घेऊन जन्मलेल्या जिवाचे काय होईल, याची जबाबदारी घ्यायला कोणीच तयार नव्हते.

नॉच-२-एनएल ही जनुकेही माणसाचीच, ३० ते ४० लाख वर्षांपूर्वीची. ती जनक पेशीला चेतापेशी होण्यापासून थोडा काळ रोखतात. ती गुणसूत्र क्रमांक १ च्या ज्या पट्ट्यात आहेत तो पट्टा काही माणसांत गळलेला असतो, काहींत दुप्पट झालेला असतो. गळला तर डोके लहान होण्याकडे कल असतो, दुप्पट झाला तर मोठे होण्याकडे.

केंब्रिजमध्ये मॅडलिन लँकेस्टर यांनी २०२१ साली माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या मूलपेशींपासून मेंदूच्या ऊतीचे छोटे गोळे वाढवून तुलना केली. सगळ्यात आधीच्या जनक पेशी रेडियल ग्लियात बदलायला वानरांत सुमारे पाच दिवस लागले, माणसात सुमारे सात. ही तफावत ज्या टप्प्यात आली तो निखळ चक्रवाढ व्याजाचा टप्पा आहे.

शंभरातल्या पाच

चक्रवाढीची दुसरी बाजू निर्दय आहे. समजा प्रत्येक सममित फेरीत १०० पैकी ५ पेशी चुकल्या, म्हणजे मेल्या किंवा वेळेआधी बाहेर पडल्या. दहा फेऱ्यांनंतर हाती राहतात ०.९५ चा दहावा घात, म्हणजे ६० टक्के. चूक दहा टक्क्यांची असेल तर ३५ टक्के. फेरीगणिक किरकोळ वाटणारी तूट शेवटी मेंदूचा दोन तृतीयांश भाग खाऊन टाकते.

वंशपरंपरेने येणाऱ्या प्राथमिक मायक्रोसेफलीत साधारण असेच घडते. डोक्याचा घेर सरासरीपेक्षा किमान तीन प्रमाण विचलनांनी कमी, पण मेंदूची रचना बरीचशी नेहमीसारखी, फक्त लहान. यामागची २५ हून अधिक जनुके आता माहीत आहेत. सर्वांत जास्त कुटुंबांत सापडते ते एएसपीएम, २००२ साली जेफ्री वूड्स आणि सहकाऱ्यांनी शोधलेले. यातली बरीचशी जनुके पेशीतल्या एकाच जागी काम करतात: तर्कू आणि त्याची दोन टोके, जिथून गुणसूत्रे ओढली जातात. उंदरात एएसपीएम कमी केले की विभाजनाचा छेद तिरका होतो आणि सममित व्हायची विभाजने असममित होऊन बसतात. या जनुकांचा शोध लागला तो मुख्यतः पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून, कारण तिथे चुलत-मावस भावंडांत लग्ने होतात. दोष उघड व्हायला दोन्ही पालकांकडून सदोष प्रत यावी लागते. आपल्याकडेही मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अनेक समाजांत आहे, आणि सख्ख्या आते-मामे भावंडांचे जनुकीय साम्य एक अष्टमांश असते. घरात असे एक मूल असेल तर पुढच्या प्रत्येक गर्भारपणात धोका चारात एक, एवढे गणित त्या कुटुंबाला कुणीतरी नीट समजावून सांगितलेच पाहिजे.

बाहेरून होणारा घाव कोणत्या आठवड्यात बसला यावर किती अवलंबून असते, याचा सर्वांत दुःखद पुरावा हिरोशिमा आणि नागासाकीचा आहे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये आईच्या पोटात असलेल्या सुमारे १,६०० मुलांचा पुढे पाठपुरावा झाला. त्यांतली ३० गंभीर बौद्धिक अक्षमतेसह वाढली. मासानोरी ओताके आणि विल्यम शल यांनी १९८४ साली त्यांची आठवड्यांनुसार विभागणी केली. गर्भधारणेपासून ८ ते १५ आठवड्यांत धोका सर्वांत जास्त, एका ग्रे किरणोत्सर्गाला सुमारे ४० टक्के. १६ ते २५ आठवड्यांत बराच कमी. आठव्या आठवड्याआधी वाढ दिसली नाही, पंचविसाव्यानंतरही नाही. कॉर्टेक्सच्या जनक पेशी भरात असण्याचा काळ नेमका तोच.

हा आकडा वाचून कुणा गरोदर बाईने एक्स-रेच्या आठवणीने घाबरून जाऊ नये. या परिणामासाठी सुमारे ३०० मिलिग्रे हा उंबरठा धरतात, आणि छातीच्या एक्स-रेतून गर्भापर्यंत पोहोचतात ०.०१ मिलिग्रेहून कमी.

आपल्या घरातले कार्यक्रम या दिनदर्शिकेवर ठेवून पाहावेत. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात तेव्हा जनक पेशींची धावपळ ऐन भरात असते. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाचा मेंदू पहिल्यांदा तपशिलात दिसतो, तोवर कॉर्टेक्सच्या पेशींचा मोठा हिस्सा जन्मलेला असतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते तेव्हा ते काम बहुतेक उरकलेले असते. आणि नंतर भर पडत नाही: अणुचाचण्यांतून हवेत मिसळलेल्या कार्बन-१४ च्या आधारे २००६ साली स्वीडनमध्ये प्रौढांच्या कॉर्टेक्समधल्या चेतापेशींचे वय काढले, तर ते त्या माणसांच्या वयाएवढेच निघाले.

झिकाचे आकडे

ब्राझीलच्या ईशान्य भागात २०१५ साली लहान डोक्याची बाळे मोठ्या संख्येने जन्मू लागली आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. महिन्या-दोन महिन्यांत प्रयोगशाळांतून कळले की झिका विषाणू तयार चेतापेशींपेक्षा जनक पेशींत जास्त सहज शिरतो. रिओमध्ये स्टीव्हन्स रेहेन यांच्या गटाने वाढवलेल्या मेंदूऊतीच्या गोळ्यांची वाढ संसर्गाने ४० टक्के घटली. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात रुग्ण आढळले, त्यांत गरोदर बायकाही होत्या, आणि केंद्र सरकारने संसर्ग झालेल्या मातांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवायला राज्यांना सांगितले.

फक्त जनक पेशींचा हिशेब पाहिला तर पहिले काही महिने सांभाळले की झाले, असे वाटेल. आकडे तसे सांगत नाहीत. अमेरिकेच्या अखत्यारीतल्या प्युर्तो रिकोसारख्या प्रदेशांत २०१६-१७ मध्ये झिकाची खात्री झालेल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली गेली. पहिल्या तिमाहीत संसर्ग झालेल्यांच्या ८ टक्के बाळांत झिकाशी जुळणारे जन्मदोष दिसले, दुसऱ्या तिमाहीत ५ टक्के, आणि तिसऱ्या तिमाहीतही ४ टक्के. तिसऱ्या तिमाहीत कॉर्टेक्सचे मुद्दल जवळपास संपलेले असते. तेव्हाचा विषाणू आधीच घडलेली ऊती नासवतो. ब्राझीलमधल्या काही बाळांची कवटी आत दबलेली होती, याचा अर्थ मेंदू आधी वाढला होता आणि मग आकसला.

जन्माच्या दिवशीच्या मापावरही भिस्त ठेवता येत नाही. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ३१.९ सेंटिमीटरपेक्षा आणि मुलीचा ३१.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मायक्रोसेफली समजावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. ब्राझीलमधल्या पेर्नाम्बुको आणि सिआरा या राज्यांत, पोटात असताना झिका झालेल्या आणि जन्मावेळी डोके नेहमीच्या मापात असलेल्या १३ बाळांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतल्या ११ जणांना पुढच्या महिन्यांत मायक्रोसेफली झाली. म्हणून संसर्ग झालेल्या आईच्या बाळाचे डोके जन्मावेळी मापात भरले तरी टेप बाजूला ठेवून देऊ नये. लसीसाठी बाळाला आणतील तेव्हा प्रत्येक वेळी घेर मोजावा आणि मागच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा.